साठ लाख डॉलरचा चोक

२००१ साली वॉशिंग्टनमध्ये एक जाडजूड अहवाल प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते २००० या काळात संशोधनावर जो पैसा ओतला तो वसूल झाला का, हे अमेरिकी संसदेला जाणून घ्यायचं होतं, आणि राष्ट्रीय संशोधन परिषदेने त्याचा हिशेब मांडला होता. ऊर्जाबचतीच्या संशोधनावर खात्याचे या बावीस वर्षांत सुमारे ७ अब्ज डॉलर खर्च झाले होते. समितीने त्यातले सतरा कार्यक्रम तपासायला घेतले. देशाला झालेला निव्वळ फायदा सुमारे ३० अब्ज डॉलरचा निघाला. म्हणजे पैसा वसूल. पण खरी गंमत कोष्टकं वाचताना कळते. ही ३० अब्जांची कमाई जवळजवळ सगळी तीनच कामांची होती: फ्रीजचा सुधारलेला कॉम्प्रेसर, उष्णता परतवून लावणारी खिडकीची काच आणि ट्यूबलाइटचा इलेक्ट्रॉनिक चोक. या तिन्हींवर मिळून सरकारने सव्वा कोटी डॉलरही घातले नव्हते. त्यात चोकच्या वाट्याला आले होते ६० लाख, आणि एकट्या चोकने मिळवून दिले होते १५ अब्ज.

त्याच खात्याने त्याच वर्षांत कोळशापासून थेट तेल काढण्याच्या योजनांवर २ अब्ज डॉलरहून अधिक पैसा घातला आणि बाजारात त्यातलं काहीही उतरलं नाही. त्या योजनांची भाषणं झाली, उद्घाटनं झाली. चोकचं उद्घाटन कोण करणार? तो छताच्या आत, पत्र्याच्या पेटीत पडून असतो. तो बिघडेपर्यंत त्याची कुणाला आठवणही येत नाही.

आपल्याकडे ट्यूब लागेनाशी झाली की आधी स्टार्टर फिरवून बघतात, त्याने भागलं नाही की ‘चोक गेला’ म्हणतात. हा चोक नेमकं करतो काय? ट्यूबमध्ये थोडा आर्गॉन आणि पाऱ्याची वाफ असते. तिच्यातून वीज वाहू लागली की वायूचा विरोध वाढत नाही, उलट घटतो. विरोध घटला की प्रवाह वाढतो, प्रवाह वाढला की विरोध आणखी घटतो. मध्ये कुणी लगाम लावला नाही तर ट्यूब काही क्षणांत निकामी होईल. हा लगाम म्हणजे चोक. १९३८ साली ट्यूबलाइट अमेरिकेच्या बाजारात आली, तेव्हापासून चोक म्हणजे लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर गुंडाळलेली तांब्याची तार. जड, स्वस्त, वर्षानुवर्षं टिकणारा आणि सतत गुणगुणणारा. त्याला हात लावला तर चटका बसायचा. ती उष्णता मीटरमधून मोजूनच आलेली असायची. अमेरिकी कार्यालयांत एका चोकवर चार फुटी, ४० वॅटच्या दोन ट्यूब चालत. हिशेबाने ८० वॅट लागायला हवेत. प्रत्यक्षात लागत ९६.

दुसरा तोटा डोळ्यांना सहज न दिसणारा. अमेरिकेत विजेचा प्रवाह सेकंदाला ६० आवर्तनं करतो, म्हणजे ट्यूब सेकंदाला १२० वेळा मंदावते आणि पुन्हा उजळते. मंदावली की वायू थोडा निवतो, त्याला पुन्हा चेतवण्यात थोडी वीज जाते. हीच आवर्तनं सेकंदाला वीस हजारांच्या वर नेली तर वायूला निवायला सवडच मिळत नाही आणि तेवढ्याच विजेत सुमारे १० टक्के उजेड जास्त पडतो. दिव्यांच्या क्षेत्रातल्या लोकांना हे १९५० च्या दशकापासून ठाऊक होतं. अडचण होती ती एवढ्या वेगाची वीज प्रत्येक ट्यूबपाशी, खिशाला परवडेल अशी तयार करण्याची. ट्रान्झिस्टर स्वस्त आणि दणकट झाले तेव्हा ती सुटण्यासारखी झाली. लोखंड-तांब्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवलं की त्याच दोन ट्यूब ९६ ऐवजी साधारण ७२ वॅटमध्ये तेवढाच उजेड देतात. गुणगुण नाही, फडफड नाही, आणि विजेत पाव हिश्श्याची बचत.

ज्ञान होतं, सुटे भाग होते, गिऱ्हाईकही होतं. तरीही १९७५ साली अमेरिकेच्या छतांमध्ये असा चोक नव्हता. तो कुणी करावा, हा प्रश्न कुणाच्याच टेबलावर नव्हता.

तो टेबलावर आला तेलामुळे. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या टेकडीवर लॉरेन्स प्रयोगशाळेत आर्थर रोझेनफेल्ड नावाचे भौतिकशास्त्रज्ञ काम करत होते. ते एन्रिको फर्मींचे विद्यार्थी आणि लुई अल्वारेझ यांच्या नोबेलविजेत्या गटातले. अणूच्या आतले कण हा त्यांचा विषय, विजेच्या बिलाशी त्यांचा संबंध नव्हता. त्या नोव्हेंबरमधल्या एका शुक्रवारी रात्री घरी निघताना दुसऱ्या दिवशीची पेट्रोलची रांग त्यांच्या डोक्यात होती आणि त्यांनी सहज एक हिशेब केला. शनिवार-रविवार रिकाम्या खोलीत दिवे जळत राहिले तर एका खोलीमागे ५ गॅलन पेट्रोलाएवढं इंधन जातं. त्यांच्या मजल्यावर वीस खोल्या होत्या आणि दिवे मालवून जायची सवय त्यांच्याशिवाय जवळजवळ कुणालाच नव्हती. उरलेल्या एकोणीस खोल्यांचे दिवे बंद करायला ते निघाले खरे, पण बटणंच सापडेनात. कुठे फायलींच्या कपाटामागे, कुठे पुस्तकांच्या मांडणीमागे, कुठे पोस्टरखाली. दिवे बंदही करायचे असतात हेच लोक विसरून गेले होते. वीस मिनिटं बटणं हुडकून त्यांनी १०० गॅलन वाचवले.

ही हकिगत रोझेनफेल्ड यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे आणि त्यांच्याविषयीच्या प्रत्येक लेखात ती येते. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली निर्णायक गोष्ट तिच्यानंतर घडली. १९७४ च्या उन्हाळ्यात अमेरिकन फिजिकल सोसायटीने प्रिन्स्टनमध्ये ऊर्जेच्या नेटक्या वापरावर अभ्यासवर्ग भरवला. तिथे जमलेल्या भौतिकशास्त्रज्ञांनी मोटारी, घरं, काचा, दिवे असे रोजचे विषय पहिल्यांदाच पाठ्यपुस्तकातल्या गणितासारखे सोडवायला घेतले. एखाद्या कामाला निसर्गनियमांनुसार किमान किती ऊर्जा लागते आणि आपण किती वापरतो, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तरं लाज आणणारी होती. त्या वर्गाला स्टॅनफर्डच्या कणत्वरक प्रयोगशाळेतले सॅम बर्मन हेही होते. पुढे ते बर्कलीला आले आणि ‘खिडक्या आणि दिवे’ असा जोडविषय त्यांनी हाती घेतला. २००१ च्या अहवालातल्या तीन विजेत्यांपैकी दोन, काच आणि चोक, या एकाच माणसाच्या गटातून निघाले. हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

पैसा कुठून आला? तेलाच्या धक्क्यानंतर वॉशिंग्टनने १९७५ मध्ये ऊर्जा संशोधनासाठी वेगळी यंत्रणा उभारली आणि १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये त्यातूनच स्वतंत्र ऊर्जा खातं झालं. नवं खातं, नवे अधिकारी, आणि इमारतींतल्या ऊर्जेविषयी नेमकं काय करायचं याची फारशी कल्पना नसलेली तिजोरी. अशा वेळी ज्याच्या हाती तयार गणित असतं त्याला पैसा मिळतो. बर्मन यांच्याकडे ते होतं. अमेरिकेत बनणाऱ्या विजेचा मोठा हिस्सा दिव्यांवर जात होता आणि कार्यालयं, शाळा, इस्पितळं यांत दिवा म्हणजे ट्यूबच.

खरं तर हे काम चोक बनवणाऱ्या कारखान्यांचं. पण अमेरिकेतला चोकचा जवळजवळ सगळा बाजार दोन कंपन्यांच्या हातात होता. त्यांची यंत्रं पत्रे कापायची आणि तार गुंडाळायची. इलेक्ट्रॉनिक चोक काढायचा म्हणजे स्वतःच्याच कारखान्याची किंमत शून्यावर आणायची. असा उद्योग कुठलाही व्यापारी आपण होऊन करत नाही, आणि त्यासाठी त्याला खलनायक ठरवायचीही गरज नाही. साधारण त्याच सुमारास जनरल इलेक्ट्रिकच्या एड हॅमर या अभियंत्याने ट्यूब पिळून मळसूत्री केली आणि ती नेहमीच्या बल्बच्या जागी बसवता येईल हे दाखवून दिलं. ते यंत्रावर बनवायचं तर नवा कारखाना हवा आणि त्याला सुमारे अडीच कोटी डॉलर पडतील असा अंदाज निघाल्यावर कंपनीने ती कल्पना बाजूला ठेवली. सीएफएल म्हणून आपण घराघरांत जो पिळाचा दिवा वापरला तो पुढे दुसऱ्यांनी बनवून विकला.

बर्मन यांनी दोन बड्यांचा नाद सोडला. प्रयोगशाळेने ऊर्जा खात्याच्या पैशांतून लहान कंपन्यांना कंत्राटं दिली. त्यात ॲरिझोनातल्या टूसॉनची आयोटा इंजिनिअरिंग होती आणि कॅलिफोर्नियातली स्टीव्हन्स ल्युमिनॉप्टिक्स होती. यांच्याकडे वाचवण्यासारखा जुना कारखाना नव्हता. त्यांनी नमुने बनवायचे, बर्कलीच्या प्रयोगशाळेने ते तपासायचे, अशी वाटणी झाली. रुडी वर्डरबर आणि स्टीफन सेल्कोविट्झ यांनी बर्मन यांच्यासोबत या मोजमापांचे निष्कर्ष १९७९ च्या सुमारास मांडायला सुरुवात केली.

या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं ते पुढचं पाऊल. नमुना टेबलावर चालला म्हणून त्यांनी अहवाल लिहून कपाटात ठेवला नाही. त्यांनी तो खऱ्या इमारतीत, खऱ्या कर्मचाऱ्यांच्या डोक्यावर लावला. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या वीज कंपनीच्या उंच मुख्यालयात हे चोक बसवले गेले. जागेची निवड चलाख होती. जिचा धंदाच वीज विकण्याचा, तिच्याच छतात बचत सिद्ध झाली तर शंका घ्यायला कोण उरतं? दुसरी चाचणी लाँग बीचमध्ये, निवृत्त सैनिकांसाठीच्या सरकारी इस्पितळात झाली. तिथला प्रश्न निराळा होता. वीस-तीस हजार आवर्तनांची वीज छतात खेळू लागली तर तिचा उपद्रव रुग्णांच्या नाजूक उपकरणांना होईल का? इमारतीत लावायच्या कुठल्याही नव्या वस्तूबद्दल विकत घेणाऱ्याच्या मनात अशा शंका असतातच, आणि त्यांचं उत्तर कारखानदाराच्या जाहिरातीवरून कुणी मान्य करत नाही. सरकारी पैसा या ठिकाणी खरा उपयोगी पडला. शोध लावण्याइतकाच तो विश्वास बसवण्यावर खर्च झाला.

यानंतर गाडी सुसाट निघायला हवी होती, पण तसं झालं नाही.

जानेवारी १९८१ मध्ये रोनाल्ड रेगन अध्यक्ष झाले. ऊर्जाबचत बाजारावर सोडावी, सरकारने त्यात पडू नये, हे त्यांच्या प्रशासनाचं धोरण. ऊर्जा खातंच बंद करण्याची भाषा झाली. बचतीच्या संशोधनाच्या तरतुदींना मोठी कात्री लागली, संसदेने भांडून त्यातलं काही परत मिळवलं. बर्कलीचा दिव्यांचा गट जगला, पण चणचणीत. तेल पुन्हा स्वस्त झालं आणि पेट्रोलच्या रांगा लोकांच्या आठवणीतून गेल्या.

ल्युमिनॉप्टिक्सचं जे झालं ते तर कादंबरीत शोभावं असं आहे. ही चिमुकली कंपनी आणि तिचं तंत्रज्ञान १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला युनिव्हर्सल मॅन्युफॅक्चरिंगने, म्हणजे जुने चोक बनवणाऱ्या बड्या कंपनीने, विकत घेतलं. ते बाजारात आणायचं असा करार होता. आलं नाही. मूळ मालक कोर्टात गेले. आपले जुने चोक खपत राहावेत म्हणून युनिव्हर्सलने नवं तंत्रज्ञान मुद्दाम दाबून ठेवलं, हा त्यांचा आरोप. मधल्या काळात युनिव्हर्सलला मॅग्नेटेकने गिळलं होतं. १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्युरीने आरोप मान्य करून सुमारे ९ कोटी ६० लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. ती ज्युरीची रक्कम होती आणि तेवढ्यावर प्रकरण मिटलं नाही, हे खरं. तरी ज्या कामावर सरकारने एकूण ६० लाख घातले, त्याच्या एका तुकड्यासाठी ज्युरीने सोळापट रक्कम लिहिली, यावरून त्या तुकड्याची किंमत कळते. करदात्यांच्या पैशातून घडलेलं तंत्रज्ञान विकत घेऊन कुलूपबंद करता येतं, ही शक्यता कंत्राटं लिहिताना कुणी विचारात घेतली नसावी.

मग कोंडी फुटली कशी? नियमांमुळे. चोकचा एक जुनाट पेच असा, की इमारत बांधणारा सर्वांत स्वस्त चोक लावतो आणि मोकळा होतो, बिल मात्र भाडेकरू भरतो. ज्याला बचत हवी त्याला निवड नाही, ज्याला निवड आहे त्याला बचतीशी कर्तव्य नाही. नुसत्या संशोधनाने हा पेच सुटणारा नव्हता. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क अशा काही राज्यांनी चोकच्या कार्यक्षमतेची किमान मर्यादा ठरवली. राज्याराज्यांत नियम निराळे झाल्यावर कारखानदारांचीच पंचाईत झाली आणि देशभर एकच नियम असावा असं त्यांनाही वाटू लागलं. घरगुती उपकरणांच्या कार्यक्षमतेचा कायदा रेगन यांनी १९८६ मध्ये अडवला होता, १९८७ मध्ये त्यावर त्यांनीच सही केली. १९८८ मध्ये त्यात ट्यूबच्या चोकची भर पडली आणि १९९० पासून सर्वांत उधळा, जुना लोखंडी चोक बनवणं बंद झालं. सुधारलेला लोखंडी चोक चालणार होता, इलेक्ट्रॉनिकची सक्ती नव्हती. तिची तशी गरजही उरली नाही. स्वस्ताईची खालची पायरीच काढून घेतल्यावर किमतीतलं अंतर कमी झालं. वीज कंपन्या नवं केंद्र बांधण्यापेक्षा गिऱ्हाइकाला चोकवर सूट देणं स्वस्त पडतं म्हणून सूट देऊ लागल्या. १९९१ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने ‘ग्रीन लाइट्स’ नावाने मोठ्या कंपन्यांकडून दिवे बदलण्याची वचनं घेतली. २००० साली ऊर्जा खात्याने जो नियम केला, त्याने २००५ पासून नव्या दिव्यांत लोखंडी चोकला जवळपास जागाच ठेवली नाही. पहिल्या नमुन्यापासून इथवर यायला पाव शतक लागलं.

म्हणून १५ अब्जांच्या आकड्याकडे थोडं डोळसपणे पाहायला हवं. समितीने गृहीत धरलं होतं, की सरकार नसतं तर हेच तंत्रज्ञान पाच वर्षं उशिरा आलं असतं, आणि फायदा मोजला तो त्या पाच वर्षांचा. पाचच का, तीन किंवा दहा का नाहीत? याला ठाम उत्तर नाही, सगळ्या कार्यक्रमांना एकच फूटपट्टी हवी म्हणून ती लावली. शिवाय फायद्याचं श्रेय संशोधनाचं किती, कायद्याचं किती आणि वीज कंपन्यांनी दिलेल्या सवलतींचं किती, हे वेगळं काढणं कठीण आहे. पण आकडा निम्म्यावर आणला, अगदी दहाव्या हिश्श्यावर आणला, तरी साठ लाखांच्या शेजारी तो डोंगराएवढाच राहतो. आणि एक फायदा तर त्या कोष्टकात धरलेलाच नाही. १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये आर्नल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी कार्यालयांत प्रयोग करून पाहिला. जुन्या चोकच्या जागी जास्त आवर्तनांचे चोक लावल्यावर कर्मचाऱ्यांच्या डोकेदुखीच्या आणि डोळे शिणण्याच्या तक्रारी निम्म्यावर आल्या. ‘ट्यूबच्या उजेडात डोकं धरतं’ म्हणणारे कारकून उगाच कुरकुरत नव्हते.

बर्कलीच्या या गोतावळ्यात एक मराठी माणूस होता. अशोक गाडगीळ मुंबईत जन्मले, मुंबई विद्यापीठात आणि आयआयटी कानपूरमध्ये भौतिकशास्त्र शिकले आणि बर्कलीला पीएच.डी. करताना रोझेनफेल्ड यांच्या प्रभावाखाली इमारतींतल्या ऊर्जेकडे वळले. पुढे पिण्याचं पाणी अतिनील किरणांनी शुद्ध करणाऱ्या त्यांच्या उपकरणामुळे त्यांचं नाव जगभर झालं. पण त्याआधी, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, ते दिव्यांच्या हिशेबात गुंतले होते. १९८९ मध्ये जिल्बर्तो जानुझ्झी या ब्राझिलियन सहकाऱ्यासोबत त्यांनी भारत आणि ब्राझीलमध्ये सीएफएलने किती वीज वाचेल याचं गणित मांडलं.

त्या गणितातली मेख आपल्या वीज मंडळांच्या वर्मावर बोट ठेवणारी होती. घरगुती वीज तोट्यात विकली जाते. संध्याकाळी सहा ते दहा, जेव्हा सगळी घरं एकदम दिवे लावतात, तेव्हा तर प्रत्येक युनिटमागे तोटा सर्वांत मोठा. म्हणजे गिऱ्हाइकाने वीज कमी वापरली तर फायदा गिऱ्हाइकापेक्षा कंपनीचा जास्त. मग महागडा दिवा गिऱ्हाइकाने का घ्यावा? कंपनीनेच तो घरात बसवून द्यावा आणि त्याचं भाडं दर महिन्याच्या बिलात थोडंथोडं लावावं. ही कल्पना मुंबईतच राबवायचं ठरलं. प्रकल्पाचं इंग्रजी लघुनाम होतं बेल: मुंबईत मोठ्या प्रमाणावर कार्यक्षम दिव्यांचा प्रयोग.

प्रयोग उभा राहिला नाही. गाडगीळ आणि अंजली शास्त्री यांनी १९९४ मध्ये एका ऊर्जाविषयक नियतकालिकात त्याचा लेखाजोखा मांडला. बाजाराच्या वाटेवरच अडकून पडलेला प्रकल्प, असं त्याचं शीर्षकच सांगत होतं. तंत्र पक्कं होतं, हिशेब पक्का होता, माणसंही कळकळीची होती. कमी होती ती बर्कलीने ज्याच्यावर एवढा खर्च केला त्या मधल्या टप्प्याची: कुणीतरी जबाबदारी घेऊन पहिली काही हजार घरं करून दाखवण्याची. तशाच धर्तीची कल्पना मेक्सिकोने उचलली. जागतिक पर्यावरण निधीचे १ कोटी डॉलर, नॉर्वेची मदत आणि तिथल्या सरकारी वीज कंपनीचा स्वतःचा पैसा असं भांडवल जमवून ग्वादालाहारा आणि माँतेरे या शहरांत १९९५ पासून घरोघरी सीएफएल विकले गेले. उद्दिष्ट १७ लाख दिव्यांचं होतं, ते ओलांडलं गेलं. महाराष्ट्रात बिलातून हप्त्याने दिवा द्यायचा प्रयोग व्हायला २००५ उजाडलं. महावितरणने नाशिक भागात तो केला, तेव्हा भारनियमनाने लोक मेटाकुटीला आले होते. म्हणजे आपल्याकडेही गरज पटवून द्यायला टंचाईच यावी लागली. फक्त, मुंबईसाठी केलेला आराखडा नाशिकला पोचायला पंधरा वर्षं गेली.

तोवर दिव्यांच्या जगात नवं पर्व सुरू झालं होतं, एलईडीचं. त्याची कथा पुष्कळांनी सांगितली आहे, इथे पैशापुरतं पाहू. १९९३ चा लख्ख निळा एलईडी जपानच्या निचिया या आडगावच्या कंपनीतून आला. तिचे संस्थापक नोबुओ ओगावा यांनी तिथले अभियंते शुजी नाकामुरा यांच्या हट्टावर कंपनीचा पैसा लावला होता. तिथे सरकार नव्हतं, मालक होता. निळ्या एलईडीवर आधीपासून काम करणारे इसामु आकासाकी यांच्या वाटेने गेलेल्या टोयोडा गोसेईच्या पाठीशी मात्र जपानी सरकारची विज्ञानसंस्था होती. अमेरिकेत १९९९ मध्ये ह्युलेट-पॅकर्डचे रोलँड हाइट्झ आणि फ्रेड किश, सँडिया प्रयोगशाळेचे जेफ त्साओ आणि जेफ नेल्सन यांनी मिळून अर्धवाहक दिव्यांसाठी राष्ट्रीय संशोधन कार्यक्रम हवा, अशी मागणी मांडली. २००५ च्या ऊर्जा कायद्याने त्यासाठी वर्षाला ५ कोटी डॉलरपर्यंत मंजुरी दिली. हाती पडणारी रक्कम तिच्याहून बरीच कमी असे. पाठोपाठ २००७ च्या कायद्याने बक्षीस लावलं: ६० वॅटच्या बल्बएवढा उजेड १० वॅटच्या आत देणारा दिवा करा आणि १ कोटी डॉलर घ्या. फिलिप्सने दिवे पाठवले, सरकारने दीड वर्ष तपासले आणि ऑगस्ट २०११ मध्ये बक्षीस दिलं. तोच दिवा दुसऱ्या वर्षी दुकानात आला तो ५० डॉलरच्या आसपास किमतीला! बर्कलीचा धडा अर्धाच गिरवला होता. तपासणी चोख झाली, पण तो लोकांनी घ्यावा कसा, याची तजवीज राहून गेली.

ती तजवीज भारताने केली, आणि हे श्रेय द्यायला हात आखडण्याचं कारण नाही. दिव्याच्या संशोधनावर आपण फारसं काही खर्चलं नव्हतं. पण सरकारी ईईएसएल कंपनीने कोट्यवधी दिव्यांची मागणी एकत्र करून निविदा काढल्या. २०१४ मध्ये एलईडी बल्ब खरेदीला ३१० रुपयांना पडत होता, २०१६ मध्ये तो ४० रुपयांच्या आत आला. उजाला योजनेतून ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. बिलातून हप्त्याने फेडायची सोयही त्यात होती, म्हणजे गाडगीळांचा १९८९ चा मुद्दा अखेर सरकारी योजनेत उतरला.

बर्मन यांनी ज्या ट्यूबसाठी चोक घडवला, तिची मुदत आता संपत आली आहे. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या २०२३ मधल्या जिनिव्हा बैठकीत ठरलं, की उरल्यासुरल्या सरळ ट्यूबलाइटचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ अखेर थांबवायची. इलेक्ट्रॉनिक चोकचं तंत्र मात्र तिच्यासोबत जाणार नाही. एलईडी पट्टीच्या आत ज्याला ड्रायव्हर म्हणतात ते सर्किटही सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करूनच काम करतं.